समजून घ्या : उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसोबत ‘फोटोंचा दिवस’ कसा रंगवायचा? आणि छापील फोटो का हवेत?

उन्हाळ्याच्या सुट्टीत शहरातली नातवंडे आजोळी येतात, अंगण भरते आणि घरातल्या मोबाइलमध्ये शेकडो फोटो साठतात. शाळा उघडेपर्यंत त्यातले निम्मे कोणाला आठवतही नाहीत. पुढे मोबाइल बदलतो, बिघडतो किंवा ‘मेमरी फुल’ होते आणि फोटो जातात. धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यातल्या सास्तूरसारख्या गावात हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. घरातली प्रत्येक वस्तू एका रात्रीत गेल्याचा अनुभव या गावाच्या गाठीशी आहे. फारसा खर्च न करता मुलांसोबत फोटोंचा एक दिवस कसा घालवता येईल आणि ते फोटो वीस-तीस वर्षांनी हाताशी राहावेत म्हणून काय करावे, हे समजून घेऊ.

सास्तूरमध्ये फोटोचे मोल वेगळे का?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद (आताचे धाराशिव) भागात भूकंप झाला. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लोक नुकतेच झोपले होते. सुमारे दहा हजार माणसे गेली. किल्लारीइतकाच घाव सास्तूरनेही सोसला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे वजनदार माळवद, अशी तेव्हाची घरे होती. ती कोसळली तेव्हा माणसांबरोबर ट्रंका, कागदपत्रे आणि भिंतीवरच्या तसबिरीही ढिगाऱ्याखाली गेल्या.

तेव्हाची शाळकरी मुले आज चाळिशीच्या आसपास आहेत आणि स्वतः आई-बाप झाली आहेत. घरातले फोटो गाडले गेल्यावर आशा उरली ती बाहेरच्या प्रतींची. सोलापूरच्या आत्याकडे किंवा दुसऱ्या गावच्या मामाकडे लग्नातल्या एखाद्या फोटोची प्रत असेल, तरच तो चेहरा पुन्हा पाहायला मिळणार होता. एकच प्रत एकाच घरात असेल तर ती घराबरोबर जाते, हा त्यातला साधा धडा. मोबाइललाही तो तसाच लागू होतो.

पूर्वी फोटो मोजून का काढत?

रोल आणि धुलाई दोन्ही महाग होते म्हणून. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेल्या ‘आग्फा क्लिक-३’ या साध्या कॅमेऱ्यात १२० क्रमांकाच्या रोलवर १२ फोटो निघत. नंतरच्या ३५ मिलिमीटरच्या रोलवर ३६. त्यामुळे कोणाला कुठे उभे करायचे, ऊन कुठून येते, याचा विचार बटण दाबण्याआधीच व्हायचा.

ही मर्यादा आज खेळ म्हणून परत आणता येते. प्रत्येक मुलाला दिवसभरात फक्त १२ फोटो द्यावेत. पुसून नवा काढायची मुभा नाही. सहा-सात वर्षांचे मूलही मग फोटो काढण्याआधी थांबून नीट पाहू लागते.

दिवस कधी सुरू करावा?

मेच्या मध्यास सास्तूर परिसरात सूर्य सहाच्या थोडा आधी उगवतो आणि पावणेसातच्या सुमारास मावळतो. सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर ऊन तिरपे व मऊ असते. चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडत नाहीत. भर दुपारी ऊन डोक्यावर आले की डोळ्यांच्या खोबणीत अंधार दिसतो, मुले डोळे बारीक करतात आणि फोटो बिघडतो.

मोबाइललाही ऊन मानवत नाही. ‘अॅपल’ आपला आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा, असे सांगते. मराठवाड्यात मेमध्ये पारा सहज चाळिशीवर जातो. मोबाइल जास्त तापला की फ्लॅश बंद पडणे, पडदा मंद होणे, फोन काही वेळ चालेनासा होणे, असे प्रकार होतात. तो सावलीत ठेवून आपोआप थंड होऊ द्यावा. फ्रिजमध्ये ठेवू नये, आत बाष्प धरते.

सावलीचा खेळ कसा खेळायचा?

मेच्या मध्यास सकाळी नऊ-सव्वानऊला मुलाची सावली साधारण त्याच्या उंचीइतकी असते. त्याआधी ती लांबलचक असते आणि तोच फोटोचा खरा वेळ. सावलीला सुपाचे कान लावता येतात, दोघांच्या सावल्या जोडून चार हातांचा राक्षस करता येतो.

मे महिन्यात आणखी एक संधी असते, ती ‘शून्य सावली दिवसा’ची. सूर्य वर्षातून दोनदा सास्तूरच्या अगदी माथ्यावर येतो. पहिला दिवस १२ मेच्या आसपास असतो. दुसरा जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. १२ मेच्या सुमारास दुपारी १२ वाजून २० मिनिटांच्या आसपास सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली जाते. घड्याळात बारा वाजता तसे होत नाही, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आहे आणि सास्तूर तिच्या बरेच पश्चिमेला आहे.

यासाठी मुलांना उन्हात उभे करण्याची गरज नाही. सरळ कडांचा स्टीलचा डबा अंगणात सपाट जागी ठेवावा. ११ वाजता, पावणेबाराला, १२.२० ला आणि १ वाजता एकाच जागेवरून चार फोटो घ्यावेत. चारही शेजारी लावले की सूर्य कसा सरकला, हे पुस्तक न उघडता कळते. सूर्याकडे थेट पाहायचे नाही आणि कॅमेराही त्याच्याकडे रोखायचा नाही, एवढे मुलांना आधीच बजावावे.

काका तळहातावर कसा मावतो?

आपले दोन डोळे मिळून अंतर ओळखतात. कॅमेऱ्याचे भिंग एकट्या डोळ्यासारखे पाहते, त्यामुळे लांबची मोठी वस्तू त्याला जवळच्या लहान वस्तूएवढी दिसू शकते. साडेपाच फुटांचा काका, मुलाच्या तळहातापेक्षा कॅमेऱ्यापासून दहापट लांब उभा राहिला, तर तळहाताशेजारी तो साडेसहा इंचांचा दिसतो.

जागा मोकळी आणि सपाट हवी, पिके निघालेले रान किंवा शाळेचे मैदान चालते. हात कॅमेऱ्यापासून तीन फुटांवर, काका तीस फुटांवर. कॅमेरा खाली धरला की काकाचे पाय बरोबर तळहातावर टेकतात. स्वच्छ उजेडात मोबाइलमध्ये दोघेही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. धूसर आलेच, तर पडद्यावर काकावर बोट टेकवून पुन्हा घ्यावा.

भर दुपारी घरात काय करता येईल?

दुपारी खोलीची दारे-खिडक्या बंद करून अंधार करावा. दाराला किंवा पत्र्याला बारीक भोक असेल आणि बाहेर लख्ख ऊन असेल, तर समोरच्या भिंतीवर बाहेरचे दृश्य उलटे उमटते. भिंतीवर पांढरी चादर लावली की जास्त स्पष्ट दिसते. बाहेर कोणी चालत गेले तर ते चादरीवर डोके खाली, पाय वर असे चालताना दिसते.

प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून वरून येणारे किरण भोकातून खाली जातात आणि खालून येणारे वर. कॅमेरा मुळात याच तत्त्वावर उभा आहे. भोक नसेल तर चपलांचा रिकामा खोका घ्यावा. एका बाजूला सुईने भोक पाडावे, समोरची बाजू कापून तिथे तेल लावलेला पातळ कागद चिकटवावा. डोक्यावरून चादर घेऊन उजळ अंगणाकडे भोक धरले की कागदावर उलटे अंगण दिसते.

एका दिवसापुरताच का?

तसे नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला होता. वाटाण्याचे रोप वाढताना ठरावीक अंतराने टिपलेली चित्रे सलग दाखवून त्यांनी ते डोळ्यांदेखत वाढत असल्याचा भास निर्माण केला. फाळक्यांच्या घरी कॅमेरा हा सगळ्या कुटुंबाचाच उद्योग होता. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये मुलगा भालचंद्र राजपुत्र झाला, तर १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली.

हा प्रयोग घरी सहज होतो. कुंडीत मूग किंवा मटकी पेरावी, मोबाइल ठेवायची जागा खडूने आखून घ्यावी आणि रोज एकाच वेळी एक फोटो काढावा. दहा दिवसांनी फोटो भराभर सरकवले की रोप वाढते.

फोटो टिकावेत म्हणून काय करावे?

- सुट्टी संपण्याआधी मुलांना सोबत बसवून त्यांच्या पसंतीचे १२ ते २० फोटो निवडावेत. बाकीचे नंतर गेले तरी चालतील.
- निवडलेल्यांच्या चार बाय सहा इंचाच्या छापील प्रती काढाव्यात. एक संच गावी, दुसरा दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. दोन्ही एकाच कपाटात ठेवले तर दोन प्रतींचा उपयोग नाही.
- अल्बमच्या पानावर तारीख, गाव, प्रत्येकाचे नाव आणि नाते लिहावे. ‘डावीकडून तिसरी कोण’, हे आज्जी आहे तोवरच विचारून घ्यावे.
- व्हॉट्सअॅपवर नेहमीप्रमाणे पाठवलेल्या फोटोचा दर्जा कमी होतो. छापायचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.
- घरात जुने छापील फोटो असतील तर ते खिडकीजवळच्या सावलीत, फ्लॅश बंद ठेवून मोबाइलवर टिपून घ्यावेत.

समाजमाध्यमांवर टाकताना काय टाळावे?

आंघोळ करताना किंवा अपुऱ्या कपड्यांत काढलेले मुलांचे फोटो टाकू नयेत. शाळेचे नाव, गणवेश, घराचे ठिकाण दिसत असेल तर तेही टाळावे. मूल ‘नको’ म्हणाले तर तो फोटो घरातल्या अल्बममध्येच राहू द्यावा. आणि ज्याच्या हातात सतत मोबाइल असतो, तो माणूस, बहुधा आई किंवा बाबा, एकाही फोटोत नसतो. म्हणून दिवसातला एक तरी फोटो मुलांना काढायला सांगावा, ज्यात घरातली सगळी मोठी माणसे आहेत.