सतरंजीखाली कोण कुरकुरतं?

बाळ नुकतंच झोपलेलं असतं. तुम्ही चवड्यांवर चालत दिवा मालवायला निघता आणि दुसऱ्याच पावलाला पायाखालची फळी अशी काही करकरते, की बाळ तर उठतंच, पण पलीकडच्या खोलीतले मामंजीही खाकरतात!

प्रभादेवी, परळ, लालबाग, गिरगाव इथल्या जुन्या चाळींत ज्यांचा संसार वरच्या मजल्यावर आहे, त्यांना हे नवं नाही. शेजारच्या वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या, पण काँक्रीटच्या. तिथं ही तक्रार नव्हती. खासगी मालकांच्या कितीतरी जुन्या चाळी मात्र लाकडी तुळयांवर उभ्या आहेत. तुळयांवर फळ्यांची तक्तपोशी. कुठं तिच्यावर थर देऊन लाद्या बसवलेल्या, कुठं फळ्या तशाच उघड्या. या उघड्या फळ्यांवर आधी सतरंजी आली, मग लिनोलियम, आता नक्षीदार व्हिनाईलची शीट. वरचं पांघरूण बदललं, खालची कुरकुर तीच.

फळी करकरते ती सैल झाल्यामुळं. लाकूड पावसाळ्यात फुगतं, कोरड्या दिवसांत आक्रसतं. वर्षानुवर्षं असं झालं की खिळ्याची पकड सुटते. त्यात आपल्याकडची खारी हवा खिळा गंजवते. मग पाय पडला की फळी किंचित दबते आणि खिळ्याला नाहीतर शेजारच्या फळीला घासते. म्हणून ही दुरुस्ती भर पावसात काढू नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की काढा. तेव्हा कोणती फळी सैल आहे ते चटकन कळतं.

आधी शीट किंवा सतरंजी गुंडाळून ठेवा. वरून अंदाज बांधत बसू नका, फसाल. एकीनं सावकाश चालायचं, दुसरीनं कान देऊन ऐकायचं आणि आवाज येईल तिथं खडूनं फुली मारायची. मुलांना हे काम सांगा, खेळासारखं करतात.

दोन फळ्या एकमेकींना घासत असतील, तर त्यांच्या फटीत शंखजिऱ्याची पूड किंवा पेन्सिलच्या शिशाची भुकटी भरा आणि वर फडकं टाकून पायानं दाबा. मेणबत्तीही घासता येते. हा उपाय काही महिने टिकतो. पाहुण्यांपुरता पुरेसा आहे.

कायमचा उपाय स्क्रूचा. फळीवर खिळ्यांची डोकी एका रांगेत दिसतात ना, त्या रांगेखाली तुळई असते. सैल खिळ्याशेजारी गिरमिटानं आधी बारीक भोक पाडा, नाहीतर जुनं वाळलेलं लाकूड चिरतं. इंचभर जाडीच्या फळीला दोन इंची स्क्रू घ्या. लोखंडी नको, पितळी किंवा जस्ताचा मुलामा दिलेला. डोकं फळीच्या जरा खाली बसवा, म्हणजे शीट फाटणार नाही. जुन्या खिळ्यावर नुसता हातोडा मारला तर आठवड्यात तो पुन्हा वर येतो. आणि हो, त्याआधी खालच्या बिऱ्हाडात जाऊन पाहून या. आपली जमीन म्हणजे त्यांचं छत. तिथून विजेची वायर गेली असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय गिरमिटाला हात लावायचा नाही. वहिनींनी शिडी लावू दिली तर खालून फळी आणि तुळई यांच्या फटीत फेविकॉल लावलेली पातळ पाचर सरकवता येते. ती फक्त सरकवायची. ठोकली तर फळी उचलली जाते.

अमेरिकेतल्या लेकीकडे जाऊन आलेल्या बायका सांगतात, तिथल्या लाकडी घरांतही भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेल्या गालिच्याखाली जमीन करकरते. तिथं एक खास स्क्रू मिळतो. तो गालिच्यातूनच तुळईत बसवायचा आणि खाचेपाशी त्याचं डोकं मोडून टाकायचं. गालिचा उचलावाच लागत नाही. सोय खरी, पण आपल्याकडे मी तो वापरा म्हणणार नाही. आपल्याला खालचं लाकूड डोळ्यांनी पाहायलाच हवं.

कारण करकरणारी फळी बहुधा कोरडी आणि धडधाकट असते. भीती बाळगायची ती मऊ झालेल्या, आवाज न करता दबणाऱ्या फळीची. मोरीजवळचा कोपरा आणि पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं, या दोन जागी लाकूड आधी कुजतं. गोधडी शिवायचा दाभण घ्या आणि तिथं टोचून पाहा. चांगलं सागवान त्याला आत घेत नाही. दाभण लोण्यात शिरावा तसा गेला, ठोकल्यावर बद्द आवाज आला, मातीच्या बारीक नळ्या दिसल्या (ती वाळवी), किंवा मुलांची गोटी आपोआप एकाच कोपऱ्याकडे घरंगळू लागली, तर स्क्रू बाजूला ठेवा. तिथं शीट अंथरणं सर्वांत वाईट. ओल कोंडते आणि कूज झाकली जाते. वर नव्या लाद्या बसवून घेण्याचा मोहही नको, तुळयांवरचा बोजा वाढतो. त्या कोपऱ्यातलं कपाट, पाण्याचं पिंप आजच हलवा आणि खालच्या बिऱ्हाडाला सांगा.

पुढचं काम सुताराचंही नाही. मालकाला लेखी कळवा. इमारत उपकरप्राप्त असेल, तर दुरुस्ती मंडळाकडे अर्ज करा. हे मंडळ १९६९ च्या कायद्यानं आलं, पुढं म्हाडात सामील झालं. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती त्यांच्या 'अ' वर्गात मोडतात. पावसाळ्याआधी मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी काढतं, तेव्हा मे महिन्याची वाट पाहू नका. अर्जात नुसतं 'जमीन खराब आहे' असं लिहू नका. कोणता मजला, कोणती खोली, मोरीपासून किती फुटांवर, दाभण किती आत गेला, ते लिहा. खालच्या बिऱ्हाडाचीही सही घ्या, फोटो जोडा आणि पोच म्हणून शिक्का मारलेली प्रत रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवा.