पातळ असतानाची शिस्त

टेबल हवेच्या गादीवर तरंगतं आणि स्क्रीनवर चित्र ओळीओळीने उतरत असतं. चुंबकीय मुलामा दिलेली सुई आधी पृष्ठभागाचे उंचवटे चाचपते, मग पन्नासेक नॅनोमीटर वर उचलून तीच ओळ पुन्हा फिरते. दहा मायक्रॉनच्या चौकोनाला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात चहा पिऊन येता येतो, पण कोणी उठत नाही.

चित्रात पर्मलॉय या चुंबकीय मिश्रधातूच्या पट्ट्या दिसतात, प्रत्येकीचं एक टोक पांढरं, एक काळं: चुंबकाचे दोन ध्रुव. २००६ साली पेन स्टेट विद्यापीठात पीटर शिफर यांच्या गटाने घडवलेल्या अशा पट्ट्या २२० नॅनोमीटर लांब, ८० रुंद आणि २५ जाड होत्या. चार पट्ट्या एका सांध्यावर भेटतात. दोन पांढरी, दोन काळी टोकं आली की भांडण कमी. त्यातही समोरासमोरची टोकं एका रंगाची असली की सर्वांत कमी. बर्फातल्या हायड्रोजनचा हिशेब असाच, म्हणून नाव कृत्रिम स्पिन आइस.

पट्ट्या या हिशेबात बसाव्यात म्हणून सुरुवातीला सॅम्पल गरगर फिरवून बाहेरचं चुंबकीय क्षेत्र हळूहळू उतरवत. सांध्यापुरता नियम बऱ्यापैकी जमे, लांबवरचा मेळ बसत नसे. खोलीच्या उष्णतेने तो बसेल म्हणावं, तर २५ नॅनोमीटर जाडीची पट्टी तेवढ्याने उलटत नाही.

२०११ साली लीड्स विद्यापीठात ख्रिस्तोफर मॅरोज यांच्या गटाला तो मेळ सापडला, तोही नुकत्याच बनवलेल्या, क्षेत्रच न दाखवलेल्या सॅम्पलमध्ये. धातू साचत असताना पट्टी आधी अगदी पातळ असते. उलटायला लागणारी ऊर्जा आकारमानाबरोबर वाढते, त्यामुळे तेव्हा ती खोलीच्या उष्णतेनेही कलंडते आणि शेजारणींशी जुळवून घेते. जाड होत गेली की थिजते. पुढे, २०१३ साली, शिफर आणि सहकाऱ्यांनी चुंबकत्व सुटेपर्यंत पट्ट्या तापवून हळूहळू थंड केल्या आणि चौकोनी जाळ्यात तोच मेळ कितीतरी दूरवर पसरला.

आमच्या चित्रात मेळाचे दोन भाग होते, मधून वाकडी शीव. शिवेपासून दूर एका उभ्या पट्टीची दोन्ही टोकं पांढरी. असं चुंबक असत नाही. सुई मी फार खाली आणली होती. अर्धी पट्टी नोंदवून झाली आणि सुईनेच ती उलटवली. पुन्हा स्कॅन केला. आता एका सांध्यावर तीन पांढरी, दुसऱ्यावर तीन काळी टोकं. तासाभराने पाहिलं, तरी तशीच.