डोंगरावरची ओली रात्र

माघ पौर्णिमा जवळ आली की दरेकसा स्टेशनावर गर्दी उतरू लागते. हे स्टेशन गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात आहे. डोक्यावर गाठोडे, हातात पिवळा झेंडा, कडेवर लेकरू, अशी माणसे धनेगावकडे चालू लागतात. तिथून वर कचारगडचा डोंगर आणि त्यातली मोठी गुहा. गोंड बांधवांचे हे फार जुने श्रद्धास्थान आहे. कंकालीची 33 मुले या गुहेत कोंडली होती, ती पारी कुपार लिंगोने सोडवली, अशी त्यांची कथा आहे. महाराष्ट्रातून, छत्तीसगडातून, मध्य प्रदेशातून, तेलंगणातून लोक येतात. कोणी पाल ठोकतात, कोणी झाडाखालीच अंथरूण पसरतात.

नागपंचमीला आपल्या विदर्भातले जथे सातपुड्यात पचमढीजवळच्या नागद्वारला जातात. तिथे तर भर पावसातच डोंगर चढायचा असतो. रात्र पडली की सोबत्यांसह तिथेच मुक्काम.

अशी एक रात्र सोबत्यांबरोबर डोंगरावर काढणे यासारखे सुख नाही. गप्पा, गाणी, एकाच पातेल्यातला भात. पण त्याच रात्री पाऊस आला तर काय करायचे, हे जाण्याआधी ठाऊक असावे. म्हणून आज त्याविषयी बोलू.

तुम्ही म्हणाल, माघात पाऊस कुठला? पण हे शेतकऱ्याला सांगायला नको. हरभरा, जवस, लाखोळी शेतात उभी असते आणि नेमके तेव्हाच आभाळ भरून येते. अवकाळी पाऊस येतो, कधी गाराही पडतात. थंडी तर आपल्या जिल्ह्यात चांगलीच असते. हिवाळ्यात गोंदियाचा पारा कितीदा तरी 10 अंशांच्या खाली उतरतो.

नुसत्या थंडीचे एवढे भय नाही. अंगावर कोरडे कपडे असले, पोटात अन्न असले, तर माणूस अशी रात्र सहज काढतो. भय आहे ते ओल्या कपड्यांचे. ओले कपडे, वरून वारा आणि दमलेले शरीर, हे तिन्ही एकत्र आले की माणूस जिवाला मुकू शकतो. त्याला बर्फ पडावा लागत नाही.

असे का होते, ते पाहू. उन्हाळ्यात आपण माठावर ओले फडके गुंडाळतो. वारा लागला की फडक्यातले पाणी वाळते आणि वाळताना माठातली ऊब घेऊन जाते. पाणी गार होते. आता ओला सदरा घालून वाऱ्यात बसलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. सदरा म्हणजे ते फडके, आणि माठ म्हणजे आपण! निरोगी माणसाच्या अंगाची ऊब सुमारे 37 अंश असते. ती 35 च्या खाली गेली की शरीराचा कारभार बिघडू लागतो. हात चालत नाहीत. डोके चालत नाही. शेवटी काळीज बंद पडते.

1964 सालची एक गोष्ट आहे, ती इंग्लंडातली. मार्च महिना होता. तिथल्या डर्बीशायर भागातल्या डोंगरांवरून दूर पल्ल्याची चालण्याची शर्यत होती. चांगली धडधाकट तरुण मुले होती. वाटेत पाऊस लागला, वारा सुटला. मुले भिजली, तरी चालत राहिली. त्यांतली तीन मुले दगावली. पुढे पग नावाच्या शास्त्रज्ञाने या घटनेचा अभ्यास केला. 1953 साली एव्हरेस्ट पहिल्यांदा सर झाले, त्या मोहिमेत हे गृहस्थ होते. त्यांनी दाखवून दिले की कपडे भिजले आणि वारा लागला म्हणजे कपड्यांची ऊब राखण्याची शक्ती फार थोडी उरते. चालणारा जोवर जोराने चालतो तोवर अंग गरम राहते. तो दमला, पाय मंदावले, की ऊब झपाट्याने उतरते. म्हणून दमून पडेपर्यंत चालू नये. त्याआधीच आडोसा धरावा.

आता निघण्याची तयारी. एक जोड कपडे कोरडे राहिलेच पाहिजेत. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. रस्त्यात कितीही भिजलात तरी ही पिशवी सोडू नका. मुक्कामाला पोचल्यावर, आडोशात बसल्यावर, मगच उघडा. सुती कपडा भिजला की अंगाला चिकटतो आणि लवकर वाळत नाही. लोकरीचे तसे नाही. लोकर ओली झाली तरी काही ऊब धरून ठेवते. आपली घोंगडी म्हातारी माणसे सोडत नाहीत, ते उगीच नव्हे. डोक्याला आणि कानांना बांधायला एक जास्तीचा पंचा घ्या. छत्री मात्र डोंगरावरच्या वाऱ्यात टिकत नाही. त्यापेक्षा मोठे प्लॅस्टिक अंगावर घ्यावे.

गूळ आणि फुटाणे खिशात असू द्या. अन्न हे शरीराचे सरपण आहे. उपाशी माणूस लवकर गारठतो. यात्रेत उपास धरायचा असेल तर धरा, पण पावसात भिजलात तर तो सोडलेला बरा, असे आम्हांला वाटते.

मुक्कामाची जागा उजेड आहे तोवर शोधा. नाल्याच्या पात्रात पाल ठोकू नका. वर कुठे तरी पाऊस झाला की पाणी रात्रीत येते. एकट्या उंच झाडाखालीही नको, तिथे विजेचे भय. अगदी माथ्यावर वारा फार, आणि अगदी खोल दरीत रात्री गार हवा साचते. मधल्या उतारावर, वाऱ्याकडे पाठ असेल अशी जागा बरी.

अंगावर दोन पांघरुणे आणि खाली काही नाही, असे पुष्कळजण झोपतात. ओली जमीन खालून ऊब ओढून घेते. आपला जिल्हा धानाचा. पायथ्याच्या गावात तणस मिळतेच. आधी प्लॅस्टिक, त्यावर वीतभर तणस, त्यावर चादर. मग पाहा कशी झोप लागते!

शेकोटीचे मात्र जपून. राखीव जंगलात विस्तव पेटवणे हा 1927 च्या वन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. माघात पानगळ सुरू असते, एका ठिणगीने डोंगर पेटतो. जिथे परवानगी असेल तिथेच पेटवा आणि निघताना पाणी ओतून विझवा. बंद पालात कोळशाची शेगडी तर कधीच ठेवू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

आणि दारू. ‘एक घोट घेतला की थंडी पळते’ असे म्हणणारा एखादा सोबती असतोच. दारूने कातडीतल्या शिरा रुंद होतात. आतले गरम रक्त बाहेर कातडीकडे येते, म्हणून ऊब आल्यासारखे वाटते. खरे पाहता आतली ऊब बाहेर निघून जात असते. पिणारा खूश, आणि शरीर मात्र गार!

गारठलेल्या माणसाला आपण गारठलो हे कळत नाही, ही यातली सर्वांत अवघड गोष्ट. डोके मंदावलेले असते. ‘मला काही झाले नाही, तुम्ही व्हा पुढे’ असे तोच म्हणतो. म्हणून सोबत्यांनी एकमेकांकडे लक्ष ठेवावे. आधी हुडहुडी भरते, दात वाजतात. शरीर हलून हलून ऊब तयार करत असते, एवढाच त्याचा अर्थ. पुढे बोलणे जड होते. पाय अडखळतात. सदऱ्याची गुंडी लागत नाही. माणूस गप्प होतो, नाही तर विनाकारण चिडतो. आणि मग कुडकुडणे थांबते. इथेच लोक फसतात. ‘आता बरे वाटते वाटतं, झोपू दे त्याला,’ असे म्हणतात. अंग गारच असून कुडकुडणे थांबले, याचा अर्थ शरीर हरत चालले आहे. एखादा तर ‘उकडतंय’ म्हणून कपडे काढू लागतो. त्याला काढू देऊ नका.

अशा वेळी आधी त्याला वाऱ्यातून आडोशाला घ्या. ओले कपडे उतरवा, अंग हलकेच टिपा, कोरडे घाला. डोके, मान, छाती नीट गुंडाळा. खाली तणस घाला. मग एकाने त्याच्याबरोबर एकाच पांघरुणात शिरावे. बाईजवळ बाईने, गड्याजवळ गड्याने. माणसाच्या अंगाची ऊब हे फार चांगले औषध आहे. बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून काखेत आणि छातीशी ठेवा. तो शुद्धीवर असेल, नीट गिळत असेल, तर गोड गरम चहा थोडा थोडा पाजा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका.

हातपाय चोळू नका. जाळाजवळ नेऊन शेकू नका, बधिर कातडी भाजली तरी त्याला कळत नाही. कुडकुडणे थांबले असेल, गुंगी आली असेल, तर त्याला चालवू नका. आडवेच ठेवा, हळू हाताने हलवा, आणि एकाने खाली जाऊन 108 क्रमांकावर गाडी बोलवावी. नाडी सापडत नाही म्हणून आशा सोडू नका. गारठलेल्या माणसाची नाडी आणि श्वास फार मंद असतात. अगदी मेल्यासारखे दिसणारे लोकही दवाखान्यात ऊब मिळाल्यावर वाचले आहेत.

थोडक्यात निभावले आणि तो उठून बसला, बोलू लागला, तरी त्या रात्री त्याला पुढे नेऊ नका. सकाळी ऊन वर येऊ द्या, कपडे वाळू द्या, पोटभर खाऊ द्या. मग सोबत्यांना मागेपुढे ठेवून सावकाश खाली उतरवा.