लेन्स बसली, पण जुळली का?

रत्नागिरी तालुक्यातल्या कितीतरी घरांत आखातातून आलेला एखादा कॅमेरा कपाटात पडून आहे. कुवेत, सौदी, दुबईहून सुट्टीवर येणारे अब्बा, चाचा, मामू टेपरेकॉर्डर आणि अत्तराबरोबर तोही आणत. आमच्या घरी अब्बांचा कॅनन एई-१ प्रोग्राम आहे. हे मॉडेल १९८१ साली बाजारात आले.

काही वर्षांपूर्वी ईदला अम्मीला नातवंडांमध्ये बसवून मी त्यावर अख्खा रोल काढला. धुऊन आला तेव्हा निगेटिव्ह जवळजवळ कोरी! सगळ्यांनी कॅमेऱ्याला दोष दिला. भंगारात द्यायचेही ठरत आले. खरी चूक माझी होती. लेन्स पुसताना तिची रिंग मी 'ए' खुणेवरून २२ वर फिरवली होती आणि तशीच ठेवली होती. २२ म्हणजे सर्वांत लहान छिद्र. घरातल्या उजेडात त्यातून प्रकाश जाणार तरी किती?

कॅमेऱ्यात प्रकाश दोन गोष्टींनी मोजून सोडला जातो: शटर किती वेळ उघडे राहते आणि लेन्सचे छिद्र किती मोठे आहे. 'प्रोग्राम'वर दोन्ही कॅमेराच ठरवतो. पण छिद्र असते लेन्समध्ये. ते कॅमेऱ्याच्या ताब्यात देण्यासाठी रिंग 'ए'वर हवी. काही जुन्या एफडी लेन्सवर 'ए'ऐवजी हिरवा गोल असतो. रिंग तिथे नसेल तर डोळा लावल्यावर आत लाल 'एम' दिसतो. मला तो दिसला असणार. त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

दुसरा घोटाळा जुनी लेन्स विकत घेताना होतो. कॅननची त्याआधीची एफएल लेन्स याच कॅमेऱ्यावर घट्ट बसते, पण तिला 'ए' नाही. त्यामुळे प्रोग्राम चालत नाही. छिद्र हाताने ठरवून मोजमाप करावे लागते. उलट १९८७ पासूनच्या ईओएस कॅमेऱ्यांच्या लेन्स यावर बसतच नाहीत.

इतर कंपन्यांचेही असेच आहे. पेंटॅक्स सुपर-ए (१९८३) ला रिंगवर 'ए' असलेली लेन्स लागते; त्याआधीची 'एम' मालिकेतली लेन्स बसते, पण छिद्र आपण ठरवायचे आणि शटर कॅमेऱ्याने. मिनोल्टा एक्स-७०० (१९८१) च्या प्रोग्रामसाठी 'एमडी' लेन्स घ्यावी आणि रिंग हिरव्या, सर्वांत लहान छिद्राच्या आकड्यावर ठेवावी. निकॉन एफए (१९८३) वरही रिंग सर्वांत लहान छिद्रावर ठेवतात. त्यासाठी बनवलेल्या एआय-एस लेन्सवर तो आकडा नारिंगी असतो.

म्हणून घरातला कॅमेरा भंगारात देण्यापूर्वी नवी बॅटरी घाला, रिंग पाहा, मग डोळा लावा. कॅननमध्ये हिरवा 'पी' दिसला आणि 'एम' नसला की काम झाले. 'पी' लुकलुकत असेल तर शटर मंद आहे. हात हलेल, उजेडात या. लेन्स घ्यायला जाताना कॅमेरा सोबत न्या आणि दुकानदाराला "बसते का?" एवढेच विचारू नका. "यावर प्रोग्राम चालतो का?" असे विचारा आणि तिथेच डोळा लावून पाहा.

पुढच्या ईदला त्याच कॅमेऱ्याने, त्याच लेन्सने सगळे फोटो स्वच्छ आले. नातवंडे होती, शीरखुर्म्याची वाटी होती. अम्मी नव्हती.