मस्करीची कुस्करी

न्यूयॉर्क राज्यातील एका रेशीम गिरणीत एक कामगार आपल्या कामात मग्न होता. तेथेच काम करणाऱ्या एका मुलाने गमतीने दुसऱ्या सोबत्याच्या दिशेने सफरचंद भिरकावले. ते लागले मात्र या कामगाराला, आणि त्याच्या एका डोळ्याची बहुतांश दृष्टी गेली. त्या थट्टेत त्याचा काडीइतकाही सहभाग नव्हता. 1920 साली हे प्रकरण राज्याच्या अपील न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी त्याचा भरपाईचा हक्क मान्य केला. जेथे अनेक माणसे एकत्र राबतात तेथे थट्टामस्करी व्हायचीच; म्हणून तिच्यापासून संभवणारा धोका हा त्या नोकरीचाच धोका होय, असे त्या निर्णयाचे सूत्र होते.

मालकवर्गाच्या दृष्टीने 1957 चा एक इंग्लिश निवाडा अधिक बोलका आहे. एका कारखान्यातील कामगारास सहकाऱ्यांना पाय अडकवून पाडण्याची खोड होती. हा प्रकार जवळजवळ चार वर्षे चालला. मुकादम त्याला वारंवार ताकीद देई, परंतु ताकिदीपलीकडे कधी काही घडले नाही. अखेर त्याने एका अपंग सहकाऱ्याला पाडले व त्याच्या मनगटाला इजा झाली. खोडी ठाऊक असूनही ती थांबविली नाही, म्हणून न्यायालयाने मालकास जबाबदार धरले.

आपल्याकडील लहान कारखाने व गॅरेजे यांत मस्करीचे सर्वांत घातक साधन म्हणजे कॉम्प्रेसरची नळी. काम संपल्यावर तिच्या झोताने अंगावरची धूळ उडविण्याची सवय अनेकांना असते आणि खेळाची सुरुवात बहुधा तेथूनच होते. मार्च 2024 मध्ये बंगळूरु येथील एका दुचाकी सेवा केंद्रात असाच प्रसंग घडला. दुचाकीच्या कामासाठी आलेल्या एका तरुणावर तेथे काम करणाऱ्या त्याच्या मित्रानेच गमतीने हवेचा झोत सोडला. तो तरुण दगावला आणि मित्रास अटक झाली. दोघांमध्ये वैर नव्हते, हे येथे मुद्दाम ध्यानात घेतले पाहिजे.

या हवेची ताकद किती असते? मोटारीच्या चाकात दर चौरस इंचास साधारण 30 पौंड दाबाची हवा भरतात. गॅरेजमधील कॉम्प्रेसरच्या टाकीत तो दाब 100 पौंडांच्याही पुढे जातो. मनुष्याचे आतडे याच्या अल्पशा अंशानेही फाटते. झोत गुदद्वाराजवळ धरल्यास कपड्यांवरूनही हवा आत शिरते व क्षणार्धात आतडे फुटते. आतील घाण पोटाच्या पोकळीत पसरते, कोंडलेली हवा छातीचा पडदा वर दाबते आणि श्वास घेणे कठीण होते. पोट फुगणे व असह्य कळा ही लक्षणे दिसताच शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि काय घडले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. लाजेपोटी वा पोलिसांच्या भीतीने खरे कारण दडविले, तर उपचारास विलंब होतो आणि तोच जीवावर बेततो.

लघुउद्योगास कर्ज मंजूर करताना बँक यंत्रांची यादी तपासते, विम्याची मुदत पाहते. त्या यंत्रांशी कोण खेळते, हे कोणत्याही अर्जात विचारलेले नसते. कायद्याने मात्र याचा विचार केला आहे. स्वतःस वा इतरांस धोका पोहोचेल असे कृत्य हेतुपुरस्सर व सबळ कारणाविना करण्यास 1948 च्या कारखाना अधिनियमातील कलम 111 ने कामगारास मनाई केली होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेतही कर्मचाऱ्याचे हे कर्तव्य कायम आहे.

बँकेच्या शाखेत कॉम्प्रेसर नसतो, पण खुर्ची असते. बसणाऱ्याच्या पाठीमागून ती ओढून घेणे हा कार्यालयीन विनोदाचा सर्वांत जुना प्रकार असावा. बसताना मनुष्य निर्धास्त असतो. हात टेकविण्याइतकीही सवड त्याला मिळत नाही. सारा भार माकडहाडावर व कण्यावर येतो, डोके मागील टेबलावर आदळू शकते. सुरक्षा रक्षकाची बंदूक ‘रिकामीच आहे’ असे गृहीत धरून हाताळणे, किंवा नवख्या रोखपालाची फजिती पाहण्यासाठी धोक्याची घंटा वाजविणे, हेही त्याच जातीचे प्रकार. खोट्या घंटेची सवय झालेले लोक खऱ्या घंटेला उठत नाहीत. 10 एप्रिल 2002 च्या द्विपक्षीय करारात बँकेच्या आवारातील दंगेखोर वा बेशिस्त वर्तनाची गणना गंभीर गैरवर्तनात केलेली आहे. खुर्ची ओढणाऱ्यास ते कलम सहसा आठवत नाही. शाखाधिकाऱ्याने ते पहिल्याच खोडीच्या वेळी, चारचौघांत नव्हे तर आपल्या दालनात बोलावून, त्याच्या कानी घालावे.