मधेच तुटणारं वाय-फाय

विंडोज 10 ची नेहमीची मोफत अपडेट्स 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली, म्हणून यवतमाळच्या आमच्या ऑफिसातले लॅपटॉप विंडोज 11 वर नेले. दुसऱ्याच दिवसापासून वाय-फाय मधेच तुटू लागलं. सगळ्यांनी राउटरला दोष दिला. पण त्याच राउटरवर मोबाइल व्यवस्थित चालत होते. ही खूण फार मोलाची! म्हणजे बिघाड लॅपटॉपातच. अपग्रेडमध्ये वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर बदलू शकतो, वीज वाचवण्याची सेटिंगही. मग काम जरा थांबलं की कार्ड झोपी जातं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधली, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करू देणारी टिकमार्क काढली, लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर टाकला. 'नेटवर्क रीसेट' मात्र अगदी शेवटी करा, त्यात साठवलेले वाय-फाय पासवर्ड जातात. मग चार्जर काढून बॅटरीवर तासभर फाइल अपलोड करून पाहिलं; अपलोडची पट्टी एकदाही अडकली नाही.