करून दाखवण्याची परीक्षा

काशीस जाणारा मराठी माणूस बहुधा गंगास्नान करतो, विश्वनाथाचे दर्शन घेतो आणि परतीची गाडी धरतो. सरकारी नोकरीच्या निमित्ताने मला मात्र त्या नगरीत काही काळ राहण्याचा योग आला. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, रामघाट या भागांत मराठी घराण्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची. तेथील वेदपाठशाळांवरून सकाळी जाताना बालकंठांतून निघणारे स्वर कानी पडत, आणि माझ्या मनात एक वेगळाच विचार येई. या मुलांची परीक्षा कशी घेत असतील?

ती परीक्षा कागदावर होतच नाही. परीक्षकाने मंत्राचा आरंभ करून द्यावा आणि विद्यार्थ्याने तो पुढे चालवावा, अशी ती रीत. जटापाठात पहिले पद व दुसरे पद, मग दुसरे व पहिले, पुन्हा पहिले व दुसरे, अशी पदांची गुंफण करावयाची असते. एक स्वर चुकला तरी ऐकणाऱ्याच्या ध्यानात येतो. 2025 साली महाराष्ट्रातील एका एकोणीस वर्षांच्या तरुणाने याच काशीत शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेतील सुमारे 2000 मंत्रांचे दंडक्रम पारायण 50 दिवसांत पुरे केले, तेव्हा देशभर त्याचे कौतुक झाले. त्याच्या विद्येचे प्रमाण कोणत्या गुणपत्रिकेत नव्हते. ते त्याच्या वाणीत होते.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती पाठांतर पारखते. अर्थाचे आकलन त्यातून कळेलच असे नाही. शिवाय ही विद्या शतकानुशतके सर्वांना खुली नव्हती. तरीसुद्धा तिच्यात एक तत्त्व आहे. जे शिकवले तेच करून दाखवावयास सांगावे, आणि चूक कशास म्हणावयाचे हे शिष्यास आधीच ठाऊक असावे. आजचे शिक्षणशास्त्रज्ञ ज्यास कृतिनिष्ठ मूल्यमापन म्हणतात, त्याचा पाया हाच आहे.

एक अनुभव सांगतो. वाराणसीजवळच्या एका प्राथमिक शाळेत कामानिमित्त गेलो होतो. चौथीच्या वर्गातील गणिताच्या उत्तरपत्रिका मेजावर होत्या. त्यांतली एक जवळजवळ कोरी होती. प्रश्न असा : एका नावेत 12 माणसे बसतात, तर 60 माणसांना पैलतीरी नेण्यास किती फेऱ्या लागतील? मुलगा नावाड्याचा होता. मी त्याला जवळ बोलावून तोच प्रश्न तोंडी विचारला. तो तत्काळ म्हणाला, "पाच, साहेब." आणि थोडे थांबून पुढे म्हणाला, "पण पाणी चढले असेल तर बारा नाही बसवत, आठच बसवतात. मग आठ फेऱ्या होतील. शेवटच्या फेरीत चारच माणसे."

गुरुजी व मी एकमेकांकडे पाहत राहिलो. साठास आठाने भागून उरलेल्या चार माणसांसाठी आणखी एक फेरी लागते, हे मोठ्यांच्याही नजरेतून सुटते. मग कागद कोरा का? मी त्यास प्रश्न वाचावयास सांगितला. तो दुसऱ्याच शब्दाला अडला. त्याची अडचण गणिताची नव्हती, वाचनाची होती. चार वर्षे त्याच्या नावापुढे 'गणितात कच्चा' असा शेरा पडत होता, आणि ज्या औषधाची गरज होती ते कोणी दिलेच नव्हते.

श्रोतेहो, मूल्यमापनाचे खरे प्रयोजन येथे दिसते. मूल कोठे अडले आहे हे ज्या परीक्षेतून कळत नाही, ती परीक्षा मुलाची निवड करील, पण त्यास मदत करणार नाही.

आता कृतिनिष्ठ कार्य म्हणजे नेमके काय, ते विषयवार पाहू. भाषेत, मुलाने एखादी सूचना वाचून ती वर्गास आपल्या शब्दांत समजावून सांगावी, किंवा शाळेपासून घरापर्यंतची वाट अनोळखी पाहुण्यास कळेल अशी लिहून द्यावी. गणितात, वर्गाच्या भिंती मोजून त्या रंगविण्यास किती रंग लागेल याचा अंदाज करावा. परिसर अभ्यासात, घाटाच्या किती पायऱ्या पाण्याखाली गेल्या हे शिक्षकांच्या सोबतीने आठवडाभर ठरावीक वेळी पाहून तक्ता करावा; जेथे नदी नाही तेथे विहीर आहे, टाकी आहे. इतिहासात, घरातील वृद्धास पाच प्रश्न विचारून गल्ली पूर्वी कशी होती ते टिपून आणावे. कलेत, कुंभाराच्या मातीची पणती करावी आणि ती कलंडते का हे स्वतःच तपासावे.

परंतु नुसते काम दिले म्हणजे मूल्यमापन झाले, असे नाही. कामास निकष हवेत. मोजमापाचेच उदाहरण घ्या. मूल मोजपट्टी शून्यापासून लावते का? उत्तरापुढे एकक लिहिते का? दुसऱ्यांदा मोजून पडताळा घेते का? आणि आलेल्या आकड्यावरून काही निष्कर्ष सांगू शकते का? या चार पायऱ्या आरंभीच फळ्यावर लिहिल्या, म्हणजे आपण कोणत्या पायरीवर आहोत हे मुलास स्वतःच पाहता येते. दोन शिक्षकांनी एकच काम तपासले तर त्यांचे मत फारसे भिन्न होऊ नये, यासाठीही निकष आवश्यक असतात.

हा विचार आपल्या भूमीस नवा नाही. विनोबा 1916 साली इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईस निघाले आणि वाटेत सुरतेस उतरून काशीस गेले, ही कथा सर्वश्रुत आहे. ज्या गांधीजींकडे ते पुढे गेले, त्यांनी 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षण परिषद भरवली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मातृभाषेतून, हस्तोद्योगाच्या आधारे सात वर्षांच्या शिक्षणाची योजना आखली. नयी तालीम ती हीच. सूत कातणाऱ्या मुलाचे काम त्याच्या सुताच्या समानतेत आणि मजबुतीत दिसे. ते सूत मोजता मोजता गणितही शिकावे, अशी कल्पना होती. ही योजना देशभर रुजली नाही. पालकांस ती गरिबांसाठीचे वेगळे शिक्षण वाटली, आणि बऱ्याच ठिकाणी उद्योग राहिला व त्याच्याशी ज्ञानाची सांगड घालावयाची राहून गेली.

आणखी एक इशारा इतिहास देतो. इंग्लंडात 1862 पासून शाळेचे अनुदान तपासनिसाने घेतलेल्या वाचन, लेखन व अंकगणिताच्या परीक्षेवर ठरू लागले. तपासनीस प्रत्येक मुलाकडून वाचून घेई. म्हणजे परीक्षा करून दाखवण्याचीच होती. तरीही शाळा वाचनपुस्तकच पाठ करून घेऊ लागल्या, कारण पैसा निकालावर अवलंबून होता. स्वतः शाळा-तपासनीस असलेल्या मॅथ्यू आर्नल्ड यांनी या पद्धतीवर कठोर टीका केली. शतक संपण्यापूर्वी ती रद्द झाली. परीक्षेच्या निकालाला भय किंवा लोभ चिकटला, की कोणतीही पद्धत घोकंपट्टीकडे वळते.

आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन सांगितले. हेतू उत्तम होता. परंतु पुष्कळ ठिकाणी शिक्षकाचा वेळ मुलाकडे पाहण्याऐवजी नोंदवह्या भरण्यात गेला. सरकारी यंत्रणेत आयुष्य घालवलेल्या माणसास याचे नवल वाटत नाही. आम्हास तपासावयास कागद लागतो, म्हणून खालचा माणूस कागदच तयार करतो. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीस अनुत्तीर्ण करण्याची मुभा राज्यांस पुन्हा मिळाली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मात्र सर्वांगीण प्रगतिपत्रकाची कल्पना मांडून प्रत्यक्ष क्षमतेकडे पुन्हा लक्ष वेधले आहे.

मग साधा मार्ग कोणता? 'प्रथम' या 1995 साली मुंबईत सुरू झालेल्या संस्थेने 2005 पासून 'असर' ही पाहणी चालवली. तिच्यात कार्यकर्ता घरी जाऊन मुलासमोर एक कागद ठेवतो : अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद, लहानशी गोष्ट. मूल कोठवर वाचते एवढेच पाहावयाचे. काही मिनिटांत उत्तर मिळते. साठ मुलांच्या वर्गातही गुरुजींनी रोज तिघाचौघांस जवळ बसवले, तर महिन्याभरात सारा वर्ग ऐकून होतो. त्यास मोठ्या नोंदवहीची गरज नाही; प्रत्येक मुलापुढे एक ओळ पुरे.

लेखी परीक्षा टाकून द्यावी, असे माझे म्हणणे नाही. ती परीक्षकास मुलाचा चेहरा व जात पाहू देत नाही, हा तिचा मोठा गुण आहे, आणि तोंडी परीक्षेत पक्षपातास वाव असतो हे विसरून चालणार नाही. दोहोंनी एकमेकींच्या उणिवा भरून काढाव्यात.

त्या दिवशी गुरुजींनी नावाड्याच्या मुलाच्या नावापुढील शेरा खोडला आणि लिहिले : 'भागाकार पक्का. वाचन रोज दहा मिनिटे घ्यावे.' मी बरेच अहवाल लिहिले आहेत; इतका उपयोगी अहवाल माझ्या हातून क्वचितच लिहिला गेला असेल.